न वाजलेली बरणी

त्या घरात हिवाळा दोन महिने आधीच यायचा, आणि यायचा तो टोमॅटोच्या पेट्यांतून. शनिवारी बाजार उठायच्या वेळी घरातला थोरला मुलगा आपली बस डेपोत लावायचा आणि अंगावरच्या गणवेशानिशी मंडईत जायचा. अति पिकलेला, सोमवारपर्यंत टिकणार नाही असा माल तेव्हा पडेल त्या भावात मिळे. तो हातगाडीवर लादून घरी आणायचा. मग रविवारी सकाळी घरातलं प्रत्येक माणूस कामाला लागायचं, आजारी असो नाहीतर रुसलेलं असो. रुसायला सोमवार मोकळा होता.

त्या थंड मुलखात हिवाळ्यात शेतं गोठली की भाजीचे भाव कसे गगनाला भिडतात हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण गल्ली नुसती कुरकुर करायची आणि हे घर बरण्या भरायचं. तळघरातल्या फळ्या भरल्या की चार महिने मंडईचं तोंड बघायचं नाही, आणि तिथे गेले असते ते पैसे कशात घालायचे ते आधीच ठरलेलं असे. थोरल्या सुनेच्या शिलाई मशीनला घरात ‘टोमॅटोचं मशीन’ म्हणायचे. थोरल्याची सायकल गाजरांची होती. सुनांची नणंद नर्स झाली ती सफरचंदांवर, असं तिचे वडील आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि नणंद दर वेळी लाजून लाल होई.

यंदा मात्र फळ्यांवर नेहमीपेक्षा जास्त भार होता. धाकटा मुलगा कामाला होता तो छापखाना बंद पडला आणि तो बायकोसह दोन बॅगा घेऊन याच घरी परत आला. त्याला दुसरं काम मिळेपर्यंत थोरल्याचा पगार आणि थोरलीची शिलाई एवढ्यावरच सगळ्यांना हिवाळा काढायचा होता. फळ्या भरल्या तर कुणापुढे हात पसरायला लागणार नाही, नाही भरल्या तर पसरायला लागेल, इतका सरळ हिशेब होता.

तो हिशेब धाकट्या सुनेने मनाला फारच लावून घेतला होता. आल्यापासून ती साबणाचे उरलेले तुकडे एकमेकांना चिकटवून वापरत होती आणि एका काडीत दोन्ही शेगड्या पेटवत होती. जेवताना ‘मला पुरे’ हे वाक्य ती पहिल्या घासानंतरच म्हणायची. हे घर मुळातच काटकसरी, तिथे हिने आणखी एक पायरी खाली उतरून दाखवलं होतं. कुणी तसं बोललं नव्हतं, पण आपण इथे फुकट जेवतो हे ती ताटावर बसली की तिच्याच कानात कुणीतरी म्हणत असे.

रविवारी दुपारपर्यंत स्वयंपाकघराच्या काचांवर वाफ जमली होती. पहिला घाणा बरण्यांत भरून मोठ्या हंड्यात उकळत होता. मागच्या अंगणात थोरली आणि नणंद दुसऱ्या घाण्याचे टोमॅटो सोलत बसल्या होत्या. गरम पाण्यातून काढायचे, गार पाण्यात टाकायचे, की साल आपोआप सुटते. धाकटी बरण्या धुऊन उपड्या घालत होती. तिचा नवरा बादल्या वाहतो असं म्हणत होता, पण बराच वेळ तो एकाच बादलीजवळ उभा होता.

“वहिनी, यंदा माझा वाटा जरा कमीच धरा हो,” नणंद थोरलीला म्हणाली. आवाज थोरलीसाठी होता, पण अंगणभर पोचला. “घरात तोंडं वाढलीत. माझं काय, मी विकत आणीन. नाहीतरी दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.”

“तुझा वाटा तुला मिळेल,” थोरली म्हणाली. “दरवर्षी न्यायला येतेस आणि दरवर्षी हेच ऐकवतेस.”

“मी कुणाला उद्देशून थोडीच बोलले!”

“मी तरी कुठे म्हटलं, बोललीस म्हणून?”

धाकटी बरणी पुसत राहिली. एरवी हे बोलणं तिच्या जिव्हारी लागलं असतं, पण आज तिच्यापाशी एक गुपित होतं आणि त्याच्या जोरावर ती मनात हसत होती. संध्याकाळी सगळ्या बरण्या फळीवर गेल्या की ती हळूच सांगणार होती. मग वन्सं काय बोलतात ते बघायचंच होतं तिला.

गुपित असं. काल थोरलीने तिला हार्डवेअरच्या दुकानातून बरण्यांची रबरं आणायला पैसे दिले होते. कुकरच्या झाकणाला असतं तसं पातळ, गोल रबर. प्रत्येक बरणीच्या झाकणाखाली एक लागतं. निघताना पिशवी शोधायला म्हणून तिने मशीनचा खण उघडला, तर आत गेल्या वर्षीची रबरं दोऱ्यात ओवून ठेवलेली. धुतलेली, नीटनेटकी. एवढी जपून ठेवलीत ती कशाला? पुन्हा वापरायलाच ना! तिने ती गरम पाण्यात उकळून घेतली, पुसली, ओढून पाहिली. तुटली नाहीत. आणि रबरांचे पैसे तिने घरखर्चाच्या डब्यात जसेच्या तसे परत टाकले. लग्नानंतर इतक्या आनंदाने तिने दुसरं काही केलं असेल असं वाटत नाही.

“आप्पा हंडा उतरवतायत!” थोरल्याने खिडकीतून हाक दिली.

आप्पांनी उभा जन्म कपडे धुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात बॉयलर सांभाळला होता. बॉयलरने त्यांना पेन्शन दिली आणि कान नेले. घरात वाफेचं काही काम असलं की मात्र म्हातारा वीस वर्षांनी लहान होई. चिमट्याने त्यांनी एकेक बरणी उचलली आणि टेबलावर अंथरलेल्या जाड टॉवेलवर ठेवली. गार वारा लागून काच तडकू नये म्हणून खिडकी लावून घेतली. अंगणाचं दार मात्र ढकललेलंच राहिलं.

आता ऐकण्याची वेळ आली होती. बरणी गार होऊ लागली की आतली वाफ आकसते आणि पत्र्याचं झाकण मध्ये खाली ओढलं जातं, तेव्हा ते टक् करून वाजतं. वाजली ती बरणी तगली, तिला हवा शिवत नाही. न वाजलेली बरणी फळीवर ठेवायची नाही, त्याच संध्याकाळी सगळ्यांनी बसून संपवायची, असा या घरचा कायदा होता. आप्पांना टक् ऐकू येत नसे. म्हणून सासूबाई होत्या तोवर त्या टेबलापाशी बसत आणि वाजलेल्या बरणीकडे बोट दाखवत. आप्पा तिच्या झाकणावर खडूने फुली मारत. सासूबाई गेल्यावर त्या खुर्चीवर थोरली बसू लागली. बाकीच्यांनी तेवढा वेळ अंगणात जायचं, कारण आमच्या घराण्यात तोंड मिटून बसता येणारी माणसं फार नाहीत, असं आप्पाच म्हणत.

थोरली हात पुसत आत आली, तिच्यामागे नणंद आणि धाकटीही. थोरलीने खुर्चीकडे पाहिलं, नणंदेकडे पाहिलं आणि धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला.

“यंदा आप्पांजवळ ही बसेल.”

“ही?” नणंदेच्या भुवया वर गेल्या. “आईची जागा आहे ती, वहिनी. तुम्ही बसत नसाल तर मी आहे की.”

“तू तुझ्या घरची झालीस. ही या घरची आहे,” थोरली म्हणाली. “आणि माझे टोमॅटो कोण सोलणार? चल.”

थोरलीचं हेच होतं. बोलायची थोडं, पण माणसाला कुठे बसवायचं ते तिला नेमकं कळायचं. आपल्याला वाढलेलं तोंड म्हटलं ते थोरलीने ऐकलं होतं आणि पुरेपूर फेडलं होतं, हे धाकटीच्या ध्यानात आलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती त्या खुर्चीवर बसली, आणि समोर आप्पा हातात खडू घेऊन बसले.

स्वयंपाकघर शांत झालं. बरण्या लालबुंद उभ्या होत्या, वाफ विरत होती. धाकटी कान देऊन बसली. नळाचा थेंब ऐकू आला. अंगणात कुणीतरी खोकलं. झाकण एकही वाजलं नाही.

आप्पांनी भुवयांनीच विचारलं. तिने मान हलवली, अजून नाही. ते निवांत बसून राहिले. काचा कोमट होत आल्या तरी झाकणं तशीच वर फुगलेली. दोऱ्यात ओवलेली रबरं तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि आपण काय करून बसलो ते तिला लख्ख कळलं. ती उकळली तेव्हा मऊ झाली होती, पण गार झाल्यावर? गार झाल्यावर ती पुन्हा ताठ झाली होती. तिने ते पाहिलं होतं आणि पाहून सोडून दिलं होतं.

सगळा घाणा. सगळ्यांची मेहनत, थोरल्याचे पैसे, फळ्या, हिवाळा. आणि दाराबाहेर वन्सं. आप्पांनी पुन्हा भुवया उचलल्या, आणि काही ठरवायच्या आत तिचं बोट वर गेलं. कोपऱ्यातल्या बरणीकडे तिने ते दाखवलं.

आप्पांचा चेहरा उजळला. झाकणाला हात लावून बघायला त्यांना काही अवघड नव्हतं. त्यांनी तो लावला नाही. तिच्या बोटावर भरवसा ठेवून त्यांनी झाकणावर ठसठशीत फुली मारली.

“पहिली!” ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले. “आमच्या बॉयलरला दाब दाखवणारा एक काटा होता बघ. नवी पोरं त्याच्यावर विसंबायची नाहीत, जाऊन नळी चाचपायची. मी म्हणायचो, काट्यावर विश्वास नसेल तर माणसाने बॉयलरजवळ उभंच राहू नये. आधी तुझी सासू माझा काटा होती.” त्यांनी ती खुर्ची दाखवली, जिच्यावर आता धाकटी बसली होती. “आता तू आहेस. दुसरी कुठली?”

धाकटीला तिथे बसवेना. तिने बोट जिभेला लावून ओलं केलं, पुढे वाकली आणि ती फुली पुसून टाकली.

“नाही वाजली, आप्पा,” ती म्हणाली.

“काय?”

“नाही वाजली!”

“मोठ्याने बोल पोरी, काय झालं?”

हळू आवाजात कबुली द्यायची सोय त्या घरात नव्हती. धाकटी उभी राहिली आणि सगळा जीव एकवटून ओरडली, “मी खोटं बोलले! एकही बरणी वाजली नाही! रबरं जुनी आहेत, आप्पा! मी नवी आणलीच नाहीत! पैसे वाचवले!”

अंगणातलं पाणी ओतायचं थांबलं. मग दार उघडलं आणि सगळे आत आले. नणंद पुढे, तिच्यामागे थोरली, थोरला, आणि सगळ्यांत मागे धाकटीचा नवरा, हातात तीच रिकामी बादली.

“जुनी म्हणजे? माझ्या खणातली?” थोरलीने कपाळाला हात लावला. “अगं, ती मी कापडाचे गठ्ठे बांधायला ठेवलीत!”

“मला वाटलं, एवढी जपून ठेवलीत म्हणजे…”

“शाबास!” तिचा नवरा बोलला. सकाळपासून तो गप्प होता, आता मात्र त्याला कंठ फुटला. “लोकांच्या घरात राहतोय आपण, एवढं तरी भान ठेवायचं! कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? माझी मान खाली घालायला लावलीस तू.”

त्यावर बोलली ती नणंद, आणि ती काय बोलणार याची सगळ्यांना धास्ती होती.

“तू गप बस!” ती भावावर कडाडली. “लोकांचं घर म्हणे. हे लोकांचं घर आहे होय रे? सकाळपासून तू एक टोमॅटो तरी सोललास का? तुझी बादली तेवढी आम्हाला तोंडपाठ झाली.” मग तिने ती पुसलेली बरणी हातात घेतली. तिचा आवाज उतरला, तो वॉर्डातला आवाज होता. “न वाजलेली बरणी फुली मारून फळीवर गेली, तर काय होतं ते मी बघितलंय. पोट धरून आलेलं अख्खं घर बघितलंय. आप्पांना ऐकू येत नाही, आम्ही बाहेर होतो. ही गप्प राहिली असती तर कुणाला कळणार होतं?”

“पहिल्या बरणीला मी गप्प राहिलेच होते, वन्सं.”

“दुसरीला नाही ना राहिलीस? मग झालं तर.”

थोरली नणंदेकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत या बाईने कुणाची बाजू घेतलेली तिने पाहिली नव्हती, आणि घेतली ती नेमकी हिची.

आप्पांना यातलं अर्धंमुर्धं कळलं असावं, पण त्यांना ते पुरेसं होतं. त्यांनी एका बरणीचं झाकण आवळणारं कडं सैल केलं, रबर काढलं, दोन बोटांत धरून दुमडलं आणि सगळ्यांना दाखवलं. घडीवर बारीक भेगा होत्या.

“बरणी जुनी चालते, झाकण जुनं चालतं, माझ्यासारखा माणूसपण चालतो,” ते म्हणाले. “रबर नवंच लागतं. हे तिला कुणी सांगितलं होतं?”

थोरलीने धाकटीकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

“आपल्याला वाटतं, आपल्याला माहीत आहे ते जगाला माहीत आहे. माल अजून गेलेला नाही. आज पुन्हा उकळला तर सगळा वाचेल. रबरं आणा.”

“रविवार आहे आप्पा, दुकान बंद,” थोरला ओरडून म्हणाला.

“दुकान बंद असेल. दुकानदार मेलाय का?”

गाजरांच्या सायकलवर थोरला बसला आणि मागे धाकटी, घरखर्चाच्या डब्यातले तेच पैसे मुठीत घेऊन. दुकानदार दुकानाच्या वरच राहायचा. खाली येईपर्यंत तो रविवारच्या नावाने बोटं मोडत होता, पण थोरल्याला बघून त्याने शटर अर्धं उचललं.

“आप्पांची रबरं ना? केव्हाची बाजूला काढून ठेवलीत. काल कुणी फिरकलं नाही तेव्हा बायकोला म्हटलं, म्हातारा गेला की काय!”

“आहेत अजून,” धाकटी म्हणाली. “रबरं नवीन आहेत ना पण?”

दुकानदाराने तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “आप्पांच्या घरची शोभतेस,” तो म्हणाला आणि पुडकं तिच्या हातात दिलं.

मग त्या घराने जे केलं ते बघण्यासारखं होतं. कुणी कुणाला काम सांगितलं नाही. थोरल्याने विस्तव वाढवला. थोरलीने एकेक बरणी उघडली आणि आतला माल पुन्हा पातेल्यात उकळायला ठेवला. नणंद स्वतःच्या घरी जायची वेळ टळून गेली तरी माल टिकावा म्हणून त्यात लिंबं पिळत राहिली. धाकट्याने पहिल्यांदा बादली खाली ठेवली, बाह्या सरसावल्या आणि बायकोच्या शेजारी बसून तो बरण्या घासू लागला. घासता घासता म्हणाला, “मघाशी जे बोललो ते…” ती म्हणाली, “बरणी आतून घासा, बाहेरून नको.” त्याने आतून घासली. दोनदा आटल्याने रस घट्ट झाला, त्यामुळे बरण्या थोड्या कमी भरल्या. “रंग मात्र आला हो,” थोरली म्हणाली, आणि तो खरोखरच आला होता.

दिवे लागले तेव्हा नवी रबरं लावलेल्या बरण्या हंड्यातून निघून पुन्हा टॉवेलवर उभ्या राहिल्या. धाकटी दाराशी गेली.

“कुठे निघालीस?” आप्पांनी विचारलं.

“वन्सं बसतील, आप्पा! त्यांचीच जागा आहे!”

नणंदेने खुर्चीकडे पाहिलं. तिच्या आईची खुर्ची. ती पुढे झाली, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. बसली नाही.

“आप्पा, तुम्हीच सांगा,” ती वडिलांच्या कानाशी म्हणाली.

आप्पांनी खडू बोटांत फिरवला. “माझ्याकडे एकदा एक काटा आला होता,” ते म्हणाले. “दाब असला की दाखवायचा, नसला तरी दाखवायचा. तो मी भंगारात दिला. दाब नसताना शून्यावर येऊन उभा राहतो, तो काटा खरा. ओशाळून उशिरा आला तरी चालेल, पण यायला हवा.” मग त्यांनी धाकटीला नुसत्या मानेने बोलावलं.

ती येऊन बसली. या वेळी कुणाला अंगणात पाठवलं नाही, आणि कमाल म्हणजे कुणी बोललंही नाही.

टक्.

धाकटीचं बोट वर गेलं. आप्पांनी फुली मारली. झाकणाला त्यांनी आताही हात लावला नाही. लगेच दुसरी वाजली, मग शेजारच्या दोघी लागोपाठ. थोरल्याला हसू आवरेना. नणंदेने दोन्ही हात तोंडावर धरले. एकेक फुली पडत गेली आणि फळ्या भरत गेल्या, तळघरातल्या नव्हे, त्या अजून रिकाम्याच होत्या, पण सगळ्यांच्या डोळ्यांपुढे त्या भरल्या.

शेवटी कडेची एक बरणी उरली. सगळे तिच्याकडे टक लावून बसले. काच गार झाली, झाकण तसंच फुगलेलं. बरणीच्या तोंडाचा टवका उडाला होता, तिथे नवं रबरही काय करणार! आप्पांनी खडू झाकणावर नेला आणि धाकटीकडे पाहिलं. सगळ्यांनीच तिच्याकडे पाहिलं.

ती उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “नाही वाजली, आप्पा!”

म्हातारा इतका हसला की खडू त्याच्या हातातून पडला.

“मग बघता काय? ताटं घ्या!”

ताटं घेतली. थोरलीने वाढायला सुरुवात केली ती धाकटीपासून. धाकटीने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि ताट पुढे करून म्हणाली, “जाऊबाई, मला अजून थोडं वाढा.”